चारात एक पांढरं

९ जानेवारी

माझ्या गाइड उल्का मॅडमनी माझी लॅबची नोंदवही परत केली. पान चौतीसवर मी 'आज पण काही नाही, नुसता वैताग' असं लिहिलं होतं. त्याखाली लाल पेनाने त्यांची टीप: 'वैताग कोणत्या एककात मोजलास, शाल्मली?' मॅडम मुंबईच्या आहेत, बत्तीस वर्षं बंगळुरात राहून टोमणा अजून दादरचाच आहे. तेव्हा ही दुसरी वही. हिच्यात एककं नाहीत.

कामाबद्दल एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. टोमॅटोच्या झाडात फायटोईन डिसॅच्युरेज नावाचं एक एंझाइम असतं. आम्ही पीडीएस म्हणतो. गाजर, भोपळा, पिकला टोमॅटो, या सगळ्यांचा रंग ज्या कॅरोटिनॉइड्समुळे येतो ती बनवण्याच्या कामात हे एंझाइम अगदी सुरुवातीला बसलेलं असतं. ते उठून गेलं की पुढचं सगळं ठप्प. मी त्याचं जीन बिघडवलं आहे. माझ्या झाडांत एक प्रत धड आणि एक बिघडलेली, म्हणून झाडं दिसायला हिरवीगार. पण त्यांच्या बिया पेरल्या की चारात एका रोपाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळणार, आणि ते रोप पांढरंफटक येणार. बस. चारात एक पांढरं दाखवायचं. जगात आधी दहा ठिकाणी झालेलं आहे, त्यामुळे माझं नाही आलं तर कोणी कीव पण करणार नाही.

बावीस मेला पीएचडीची प्रगती समिती. तीस जूनला फेलोशिप संपते. समितीने मुदत वाढवली नाही, तर पाच वर्षांचं बिऱ्हाड उचलून नागपूर.

१४ जानेवारी

चौसष्ट बिया नेटहाउसात पाठवल्या. नेटहाउस, म्हणजे रोपं वाढवायची जाळीची शेड, कॅम्पसच्या पार मागच्या टोकाला, तळ्याकडे. दीड किलोमीटर धूळ, वर माकडं. मला धुळीने शिंका येतात. तिथलं सगळं रघुजी बघतात, आणि हाताखाली मथुराक्का. दोघंही इथल्या जुन्या मराठी घरांतले. यांचे पूर्वज कधी काळी आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकताना मला दर तिसऱ्या शब्दाला थांबावं लागतं. मथुराक्का बावीस वर्षं इथे आहेत, कंत्राटावर. बंगळुरातल्याच शिवाजीनगरहून दोन बस बदलून सातच्या आत पोचतात. मी हॉस्टेलमध्ये, पाच मिनिटांवर राहून दहाला पोचते. असो.

पद्धत ठरलेली आहे. ते पेरतात, वाढवतात, बाराव्या दिवशी ट्रे हातगाडीवरून लॅबमध्ये येतो. मी मोजते. मग रोपं फेकून द्यायची.

२२ जानेवारी, नागपूर

मावसबहिणीचं लग्न. हॉलमध्ये बँड इतका की कानठळ्या. त्यात मथुराक्कांचा फोन. रोपं उन्हात करपतायत, पिल्लं (रोपांना त्या पिल्लंच म्हणतात) मरतायत, रघुजी ओरडले, मी काय करू, असं काहीतरी. इकडे वरात दारात आलेली आणि माझ्या हातात फेट्यांची पिशवी. 'तुम्हाला कळतं ना अक्का, तुम्हीच बघा,' म्हटलं. 'सरी मा,' म्हणाल्या, म्हणजे बरं. ठेवला एकदाचा.

आईने सात जणांना सांगितलं की मी टोमॅटोला रंग देते.

३ फेब्रुवारी

परतले. पहिला ट्रे आला होता तो लॅबमधल्या श्वेताने मोजून ठेवला. चौसष्ट पेरल्या, सेहेचाळीस रोपं, सगळी हिरवी. पांढरं एक नाही. बाकीच्या अठरा 'गेल्या'. म्हणजे उगवण इतकी वाईट? बियाणं नीट सुकवलं नव्हतं बहुतेक. पुन्हा पेरायचं. महिना फुकट.

२१ फेब्रुवारी

दुसरा ट्रे. चौसष्टपैकी बासष्ट उगवली. उगवण झकास, आणि पांढरं शून्य!

ट्रे ओल्या गोणपाटात गुंडाळून येतो, त्याचा कुबट वास दिवसभर लॅबमध्ये. श्वेता म्हणते मेलेल्या उंदराचा वास येतो. रघुजींना फोन करून सांगितलं की गोणपाट नका पाठवू. ते म्हणाले, 'मथुराक्काला सांगतो मॅडम.' पुढच्या वेळी पण गोणपाट येणार, मला माहीत आहे. इथे कोणी ऐकतं का?

काही रोपं जरा फिकट, लांबुडकी होती. हिरवीच म्हणायची. हिरवी या रकान्यात टाकली.

५ मार्च

एमएस्सीच्या मुलांचा तास घ्यायला मॅडमनी मला उभं केलं. मी छान शिकवलं, उगाच नम्रपणा कशाला. फळ्यावर पूर्ण साखळी काढली आणि विचारलं, की पीडीएस बंद पडलं तर रोप नारिंगी नसेल हे ठीक, पण पांढरं का? हिरवा रंग कुठे गेला? कोणाला येईना. मग सांगितलं, की कॅरोटिनॉइड्स नुसती शोभेची नसतात, हिरव्या रंगाला उन्हापासून तीच सांभाळतात. ती नसली की ऊन हरितद्रव्य जाळून टाकतं. एका मुलीने 'वॉव' म्हटलं. निदान कोणीतरी.

१४ मार्च

तिसरा ट्रे. साठ रोपं, सगळी हिरवी.

जेवले नाही. आईचा फोन घेतला नाही. श्वेताने मसाला डोसा आणून टेबलावर ठेवला, तो गार झाल्यावर खाल्ला. मॅडमनी दारात उभं राहून एवढंच विचारलं, 'मेंडेल सुट्टीवर आहे का?'

मी त्या जीनची तपासणी तीनदा केली आहे. आईझाडांत एक प्रत बिघडलेली आहे, कागदावर आहे, सहीशिक्क्यानिशी. मग मुलांत का दिसत नाही? माझ्यातच काही बिघडलंय का? पाच वर्षं मी काय करतेय इथे? नागपूरला शाळेत जीवशास्त्र शिकवलं असतं, दुपारी तीनला घरी आले असते.

१७ मार्च

रडून झालं. आता डोकं वापरू. हिरव्या दिसणाऱ्या रोपांचा डीएनए बाहेर तपासायला पाठवते. तिसऱ्या ट्रेची रोपं नशिबाने फेकली नव्हती. त्यातली दहा पानं निवडली, चांगली गडद, टवटवीत बघून. फिकट मरतुकडी कशाला पाठवू, त्यातून डीएनए पण धड निघायचा नाही.

२ एप्रिल

निकाल आला. दहांपैकी एकातही दोन्ही प्रती बिघडलेल्या नाहीत.

म्हणजे आता स्पष्ट आहे. बियाणं माझं नाहीच. नेटहाउसात कुणाच्या तरी साध्या टोमॅटोशी सरमिसळ झाली आहे. (सहा नमुन्यांत एक प्रत बिघडलेली दिसली, ते मॅडमनी नंतर बोट ठेवून दाखवलं. मी म्हटलं अर्धी सरमिसळ झाली असेल. मॅडम 'हं' म्हणाल्या. त्यांचं 'हं' मला कधीच कळलेलं नाही.)

मी इथे घाम गाळून बिया पाठवते आणि ह्या बाई पुड्या उलटसुलट करून ठेवतात! अडीच महिने!

९ एप्रिल

तक्रार दिली. रागातच लिहिली. 'बियाण्यांची हाताळणी बेजबाबदारपणे केल्यामुळे संशोधनाचं नुकसान.' रघुजींनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, 'बावीस वर्षांत तिच्या हातून एक पुडी हलली नाही मॅडम. तुम्ही एकदा येऊन बघता काय?' मी म्हटलं, बघायला वेळ कुठे आहे, बावीस मे डोक्यावर आहे. त्यांनी सही केली.

१५ एप्रिल

नेटहाउसला नवा माणूस, विराट. फलोत्पादनाचा डिप्लोमा आहे. माझ्याकडून छापील सूचना मागितल्या: पाणी किती, ऊन किती, कितीदा. मी पानभर टाइप करून दिलं. असं पाहिजे.

मथुराक्कांना काढलं नाही, तेवढं बरं. कंत्राटदाराने आमच्या हॉस्टेलचे जिने झाडायला लावलंय. आज सकाळी दुसऱ्या मजल्यावर समोर आल्या. मी मोबाइलमध्ये बघत उतरले. त्यांनी केरसुणी बाजूला घेतली, मला वाट दिली.

१८ एप्रिल

पुन्हा जिन्यात. काहीतरी विचारायला तोंड उघडलं त्यांनी. मी उशीर झालाय म्हटलं. उशीर झालाच होता.

उद्यापासून मागचा जिना.

२ मे

आलं! आलं, आलं, आलं! चौसष्टपैकी त्रेसष्ट उगवली, त्यात सोळा पांढरी! दुधासारखी, खडूसारखी, पांढरीशुभ्र! मी ट्रे हातात धरून मॅडमच्या खोलीत पळत गेले, कॉरिडॉरमध्ये माती सांडली. मॅडम खुर्चीतून उठल्या. मी त्यांना उठताना कधी पाहिलं नव्हतं.

बघा. माणूस बदलला आणि एंझाइम वठणीवर आलं. मी म्हणत होते ना.

आईला फोन केला. ती म्हणाली, 'पांढरं आलं म्हणजे चांगलं ना गं?' समजावून सांगायला अर्धा तास लागला, पण आनंदाने लावला.

११ मे, रविवार

समितीपुढे दाखवायच्या तक्त्यांसाठी तारखा हव्या होत्या. लॅबच्या वहीत पेरणीच्या आहेत, बाकीच्या नाहीत, म्हणून ही वही काढली. सुरुवातीपासून वाचत गेले.

बावीस जानेवारीपाशी थांबले.

मग तीन फेब्रुवारी. चौसष्टातून सेहेचाळीस गेले, राहिले अठरा. अठरा म्हणजे चारात एकाच्या जवळपास. उगवली नव्हती असं नाही. उगवली होती, पांढरी होती, आणि मी वरातीत असताना उन्हात मेली. ते सांगायलाच तो फोन होता. 'तुम्हीच बघा' असं मी सांगितलं, आणि त्यांनी बघितलं.

पाच मार्चचं पान मी दोनदा वाचलं. मुलांना फळ्यावर काय शिकवलं ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

१२ मे

आठ वाजता नेटहाउसात गेले. शिंका आल्या, येऊ देत. रघुजी मला बघून उभेच राहिले. मी विचारलं, मथुराक्का माझे ट्रे कुठे ठेवायच्या?

त्यांनी मागच्या कोपऱ्यात नेलं. बाकाच्या खाली एक कप्पा, वर जुन्या साड्यांची दुहेरी झालर, त्यावर गोणपाटं. आत हात घातला तर गार. पुस्तकाची अक्षरं जेमतेम दिसतील इतकाच उजेड.

'लहान मुलाला बाहेर काढत न्हाईत ना मॅडम, तसं,' रघुजी म्हणाले. 'मी तिला त्या जानेवारीत लई बोललो. पिल्लं करपवलीस म्हटलं. तर म्हणाली, शाल्मलीमानं माझ्यावर सोडलंय. मग रोज तीनदा गोणपाट भिजवायची. गाडीवर ठेवताना पण झाकून द्यायची, वाटेत बिसिलु, ऊन लागू नये म्हणून.'

'मला सांगितलं का नाही?'

'तुम्ही तिच्यावर सोडलं, परत विचारलं न्हाई. गोणपाटाचा वास येतो म्हणून तुम्ही फोन केला, तेव्हा म्हटलं मी, मथुराक्काला सांगतो. ती म्हणाली, वास येऊ दे, पिल्लं जगू दे.'

तिथेच, उलट्या बादलीवर बसले. म्हणजे ती सगळी फिकट, लांबुडकी रोपं माझीच होती. दोन्ही प्रती बिघडलेली. ऊनच लागलं नाही, म्हणून हिरवा रंग जळला नाही. मी ती 'हिरवी' या रकान्यात टाकली, डीएनए काढताना वगळली आणि बाकीची फेकली. पुडी कोणीही हलवली नव्हती.

१३ मे

आज पुढचा जिना. मथुराक्का पहिल्या मजल्यावर होत्या. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण बोलल्या त्याच आधी.

'पिल्लं जगली काय मा?'

महिनाभर हेच विचारायचं होतं त्यांना.

मी सगळं सांगितलं. एंझाइम न म्हणता सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, उन्हापासून वाचवणारं जे रोपाच्या आत असतं तेच मी काढून टाकलं होतं. ती पांढरी व्हायची, मरायची, तेच मला मोजायचं होतं. त्या ऐकत राहिल्या. मग केरसुणी भिंतीला टेकवली.

'म्हंजे मरायलाच पेरलीस?'

'हो.'

'आणि मी तीन म्हयने पदर भिजवून पुसत बसले त्यांना.'

'माझं चुकलं, अक्का.'

'मला सांगायचं नव्हतंस काय? स्वल्प एक शब्द! मी काय शिकलेली न्हाई, पण ऐकायला कान हायत ना? मेलं तर मेलं, नको झाकूस, असं म्हटली असतीस तर मी झाकलं नसतं. रडले असते, पण झाकलं नसतं.' आवाज वर चढला, दोन मुली दाराबाहेर आल्या. 'आणि पुडी हलवली म्हणून लिहून दिलंस. बावीस वर्षं!'

त्यांनी केरसुणी उचलली, झाडत माझ्या पायाशी आल्या आणि म्हणाल्या, 'पाय घे.'

१४ मे

तक्रार मागे घेण्याचा अर्ज मॅडमना दाखवला. त्यात कारण लिहिलं आहे: रोपं अंधुक उजेडात वाढवली गेली ती माझ्याच तोंडी परवानगीने, आणि चार महिन्यांत मी एकदाही नेटहाउसात गेले नाही.

मॅडमनी दोनदा वाचलं. 'हे फाइलला लागलं की समितीपुढे जाईल.'

'माहीत आहे.'

'सरमिसळ म्हटलंस तर कोणी काही विचारणार नाही. तक्रार आहे, रघुजींची सही आहे. नंतरच्या ट्रेमध्ये सोळा पांढरी आहेत.'

'माहीत आहे, मॅडम.'

'शाल्मली, रोपांवर पीएचडी करतेयस ना तू? आणि रोपं बघायला एकदाही नाही?' एवढं बोलून त्यांनी सही केली. नाव इतकं जोरात लिहिलं की खालच्या कागदावर उमटलं.

दोन रात्री झोप नाही. खोटं सांगितलं तर मुदत जवळजवळ नक्की मिळते. मथुराक्कांना जिन्यांची सवय पण होईल. हा विचार मला आला, आणि तो मीच केला, म्हणून इथे लिहून ठेवते.

२२ मे

समिती. चारजण. पहिल्या तीन ट्रेंवर अपेक्षेप्रमाणे बोट ठेवलं: यात पांढरी का नाहीत?

सांगितलं. लग्न, फोन, गोणपाट, फिकट रोपं, गडद पानं, तक्रार, सगळं. एक गृहस्थ हसले. दुसऱ्या बाईंनी विचारलं, 'म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला निष्कर्ष तुम्ही तीन वेळा कचऱ्यात टाकलात?' हो म्हटलं.

अर्धा तास बाहेर बसवलं. मागितलं होतं एक वर्ष, मिळाले तीन महिने. तेवढ्यात उन्हातले आणि सावलीतले ट्रे शेजारी ठेवून मोजायचे, सावलीतली रोपं बाहेर काढल्यावर किती तासांत पांढरी होतात ते दर तासाला नोंदवायचं, आणि प्रत्येक नोंदीखाली मी स्वतः तिथे हजर होते अशी रघुजींची सही. शाळेतल्या उपस्थितीसारखी!

तीन महिन्यांत काय होतं? काही होत नाही. पण नागपूरचं तिकीट आज तरी काढायचं नाही.

२ जून

कंत्राटदाराने मथुराक्कांना नेटहाउसात परत पाठवलं. त्यासाठी अकरा फोन आणि तीन अर्ज. विराट बिचारा उन्हाचे ट्रे सांभाळतो, छापील कागद खिशात ठेवून. सावलीचे ट्रे मथुराक्कांकडे. माझ्याशी त्या कामापुरतं बोलतात. 'पाणी घातलं.' 'सरी.' 'उद्या ये.'

१७ जून

सकाळी सात. आज सावलीचा ट्रे उघडायचा दिवस. काल सगळ्या रोपांच्या पानाचा तुकडा मथुराक्कांनी झालरीआडून काढून दिला, तो तपासणीला पाठवला, या वेळी एकही न वगळता. मी पोचले तेव्हा मथुराक्का आधीच बाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. रघुजी सहीची वही घेऊन उभे.

गोणपाट नेहमीसारखं ओलं होतं. मी म्हटलं, 'अक्का, काढा आता.'

त्या हलल्या नाहीत. 'तू काढ,' म्हणाल्या. 'तुझी पिल्लं. माझ्यानं व्हायचं न्हाई.'

मी आजवर एकही ट्रे उघडलेला नव्हता. लॅबमध्ये दुसरंच कोणीतरी उघडून माझ्या टेबलावर ठेवायचं. गोणपाट उचललं, साडीची झालर वर केली, ट्रे ओढून उन्हात ठेवला. बासष्ट रोपं. त्यातली सतरा अशी पोपटी की ओळखू येत होती, आता कुणालाही आली असती. ती सगळी उन्हाकडे वळलेली होती.

मथुराक्कांनी एकदा पदर भिजवला, मग पिळून परत खोचला. आठ वाजता मी पहिली नोंद केली, रघुजींनी सही केली. नऊला दुसरी. दुपारी पहिल्या पानाच्या कडेचा रंग उडायला लागला तेव्हा मथुराक्का उठून तळ्याकडे गेल्या, आणि मी बादलीवर बसून दहावी नोंद होईपर्यंत मोजत राहिले.